मोठ्या आरसी ट्रकचं ट्युनिंग, गोव्याच्या तांबड्या मातीसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा आरसी (रेडिओ कंट्रोलवर चालणारा) ट्रक म्हणजे नेमका केवढा?

इथे १/५ स्केलच्या गाड्यांबद्दल लिहिलंय. लांबी साधारण तीन फूट, आणि मागे पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक इंजिन. आपल्याकडे दिसणारी दोन नावं म्हणजे एचपीआयची बाजा ५टी आणि लोसीची फाइव्ह-टी. बाजाची फक्त मागची चाकं ओढतात, वजन १०-११ किलोच्या घरात. फाइव्ह-टी फोर-व्हील ड्राइव्ह आहे आणि सतरा-अठरा किलोपर्यंत जाते. बहुतेक इंजिनं जपानच्या झेनोआची किंवा त्याच धाटणीची असतात: जी२३०, जी२६०, जी३२०. जी२६०चा बोअर ३४ मिमी आणि स्ट्रोक २८ मिमी, म्हणजे २५.४ सीसी. बॅटरीवरच्या ट्रकांबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

गाडी नवीन आहे. आधी एक्झॉस्टचा पाईप बदलू की मोठं इंजिन टाकू?

दोन्ही नको. ट्रॅकवर वेळ वळणात आणि उडीनंतरच्या लँडिंगमध्ये जातो, सरळ पट्ट्यात फार कमी. मोकळ्या खडीवर चाकं आधीच घसरत असतात. तिथे आणखी ताकद दिली तर ती फक्त धूळ उडवते.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी टायर, मग राइड हाइट (जमिनीपासूनची उंची), मग शॉकचं तेल आणि स्प्रिंग, मग डिफ (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर), मग गिअर. इंजिन फक्त नीट, थंड डोक्याने आणि न थांबता चालेल एवढंच बघायचं. पाईप सगळ्यात शेवटी, तोही हवाच असेल तर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट.

जवळ एक वही ठेवा. तारीख, जागा, माती ओली की कोरडी, टायर, तेल, कार्बोरेटरच्या सुयांचे फेरे. पुढच्या सीझनला हीच वही कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त उपयोगी पडते.

इथल्या मातीला कुठले टायर चालतात?

सरळ उत्तर नाही, कारण आपल्याकडची माती सकाळ-दुपार वेगळी वागते. सकाळी सातला दव पडलेलं असतं, तांबडी माती दबते, टायर रुततो, गाडी हव्या त्या रेषेत जाते. अकरानंतर वरचा थर सुटतो आणि खाली राहतो तो कडक मुरूम, त्यावर बारीक खडे पसरलेले. सकाळी जिंकणारा टायर दुपारी बर्फावर चालल्यासारखा होतो.

ढोबळ नियम असा: माती दबलेली आणि ओलसर असेल तर लहान, जवळजवळ बसवलेल्या ब्लॉकचा टायर, मऊ कंपाउंडमध्ये. खडी सुटलेली असेल तर उंच आणि दूर-दूरचे ब्लॉक, म्हणजे ते खडे बाजूला सारून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. भाताच्या शेतात, कापणीनंतर वाळलेल्या जमिनीवर, तिसराच प्रकार. तिथे वर भुगा आणि खाली भेगा पडलेली चिकणमाती असते. मोठे ब्लॉक सुरुवातीला चालतात, पण वीस-पंचवीस फेऱ्यांत रेषा पडली की त्या रेषेवर लहान ब्लॉकच वेगवान ठरतात.

कंपाउंड फार मऊ घेऊ नका. मुरूम कानसासारखा घासतो आणि मऊ टायरच्या कडा एका दिवसात गोल होतात. कडा गोल झालेला टायर फेकायचा नाही, पण तो मागून पुढे घ्यावा. मागच्या चाकांना धारदार कडा लागतात. आतला फोम हाताने दाबून बघा. तो बसला असेल तर टायर वळणात दुमडतो आणि गाडी अचानक पकडून उलटते. अनेक जण हा दोष शॉकच्या माथी मारतात.

या मापाच्या गाड्यांचे टायर बहुधा चिकटवत नाहीत, रिंग आणि बोल्टने आवळतात. प्रत्येक हीटनंतर (शर्यतीच्या फेरीनंतर) बोल्ट तपासा.

राइड हाइट कशी मोजायची?

टाकी अर्धी भरा, रिसीव्हरची बॅटरी जागेवर ठेवा, बॉडी लावा. गाडी साधारण अर्धा फूट उचलून सपाट जागेवर सोडा आणि ती स्वतः बसेल तिथे बसू द्या. हाताने दाबून बसवू नका. आता मागच्या ड्राइव्हशाफ्टकडे बघा. डिफपासून चाकापर्यंत ते जमिनीला समांतर असले तर सुरुवात चांगली. पुढचे सस्पेन्शनचे आर्मही समांतर, किंवा पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित वर.

ट्रॅक खडबडीत असेल तर चारही कोपरे थोडे वर घ्या, दबलेला असेल तर खाली. उजव्या-डाव्या बाजूच्या शॉकवरच्या कॉलरचे फेरे सारखे ठेवा. पेट्रोल इंजिनच्या गाडीचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं, त्यामुळे एका बाजूला थोडा फरक करावा लागू शकतो, पण तो काट्यावर तपासून करा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने केला की गाडी एकाच बाजूला ओढायला लागते.

उडीनंतर गाडी आपटते किंवा चेंडूसारखी उसळते. तेल पातळ की जाड?

गाडी उतरतेय तिथे, ट्रॅकच्या कडेला वाकून बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. चेसिस जमिनीला लागल्याचा ‘ठक’ आवाज आला आणि गाडी तिथेच बसली, तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग मऊ. उतरून लगेच पुन्हा उडाली, तर स्प्रिंगच्या मानाने तेल पातळ आहे आणि परत येणारी उसळी कोणी रोखत नाही. लँडिंग चांगलं, पण लहान-लहान खड्ड्यांवर चाकं टणाटण उडतात? मग तेल जाड झालंय किंवा शॉकच्या पिस्टनची भोकं लहान आहेत.

शॉकचं सिलिकॉन तेल गरम झालं की पातळ होतं. एप्रिलच्या दुपारी, धुळीत वीस मिनिटं चालल्यावर शॉकच्या बॉडीला हात लावून बघा. सकाळच्या सेटिंगपेक्षा एक पायरी जाड तेल दुपारच्या फायनलला योग्य ठरतं ते याच कारणाने. ‘वेट’चे (तेलाच्या जाडीचे) आकडे मात्र कंपनीगणिक बदलतात, एकाचं ४० दुसऱ्याच्या ४० सारखं नसतं. बाटलीवर सेंटिस्टोकचा आकडा असेल तर तोच धरा.

वळणात गाडी पुढे सरकत जाते, किंवा शेपूट फिरवते. काय करू?

आधी हे बघा की दोष वळणाच्या कुठल्या भागात आहे. थ्रॉटल सोडून आत शिरताना, मधोमध, की बाहेर पडताना पुन्हा रेस देताना. उपाय तिन्हींचे वेगळे आहेत.

आत शिरताना गाडी वळत नसेल तर पुढच्या स्प्रिंग एक पायरी मऊ करा, पुढचा अँटी-रोल बार (गाडी वळणात कलू न देणारी सळई) असेल तर पातळ लावा किंवा काढूनच बघा, आणि पुढच्या चाकांना एखादी डिग्री टो-आउट द्या, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर. मधोमध सरकत असेल तर बहुधा टायरचाच प्रश्न, किंवा पुढची बाजू फार उंच. बाहेर पडताना पुढे ढकलत असेल आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर डिफच्या तेलाकडे वळा.

शेपूट फिरत असेल तर आधी थ्रॉटलवरचं आपलं बोट तपासा. बाजासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत थ्रॉटल झटक्याने उघडला की कुठलंही सेटिंग तिला वाचवत नाही. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल कर्व्ह मऊ करता येतो. तो करा, त्यात कमीपणा काही नाही. मग मागचा टो-इन (पुढची टोकं आत) तपासा. तीन डिग्रीच्या आसपास सुरक्षित. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पुढे-मागे उणे एक ते उणे दोन डिग्री. बाजाचा मूळ ब्रेक फक्त मागच्या बाजूला आहे, म्हणून ब्रेक मारताच गाडी फिरत असेल तर ट्रान्समीटरमध्ये ब्रेकचा एंडपॉइंट (कमाल मर्यादा) कमी करा, चाक जाम न होता गाडी मंदावेल इतपत.

डिफमध्ये कुठलं तेल?

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत तीन डिफ असतात. त्यात मधला सगळ्यात महत्त्वाचा. मधलं तेल पातळ असेल तर रेस देताच पुढची चाकं हलकी होऊन नुसती फिरतात आणि ताकद तिथेच वाया जाते. जाड केलं की मागची चाकं जास्त ढकलतात, उड्यांवर गाडी सरळ जाते, पण घसरड्या वळणात ती हट्टी होते. आपल्या सुट्या खडीवर मी मधलं तेल कंपनीपेक्षा थोडं जाड आणि मागचं थोडं पातळ ठेवतो. पुढचं तेल जाड असेल तर गाडी बाहेर पडताना नीट ओढते, आत शिरताना थोडी जड होते. डिफ उघडताना ओ-रिंग आणि गास्केट बदला, नाहीतर तेल गळून महिन्याभरात सेटिंगच राहत नाही.

कार्बोरेटर ट्यून करताना आधी एल (लो) सुई की एच (हाय) सुई?

आधी एल, नेहमी एल.

या गाड्यांवर वॉल्ब्रोचा डायफ्रामवाला कार्बोरेटर असतो. आपल्याकडे आरएक्स-१०० वर हात बसलेले मेकॅनिक खूप आहेत आणि टू-स्ट्रोकचा आवाज त्यांना कुणापेक्षाही जास्त कळतो. पण तिथे फ्लोट, जेट आणि सुईची क्लिप. इथे त्यातलं काहीच नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर आतला छोटा पंप पेट्रोल ओढतो आणि एक पातळ पडदा ते मोजून देतो. म्हणून गाडी उलटी झाली तरी इंजिन चालू राहतं. तुमच्या हातात तीन स्क्रू: एल (कमी वेगाची सुई), एच (पूर्ण वेगाची सुई) आणि आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग). एल आणि एच घड्याळाच्या दिशेने आवळले की पेट्रोल कमी, म्हणजे लीन. सोडले की रिच.

दोन्ही सुया हलक्या हाताने पूर्ण बसवून सव्वा ते दीड फेरा उघडा. जोर लावून बसवलेली सुई टोकाला चरा पाडून घेते आणि मग ती कधीच नीट ट्यून होत नाही. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, दोन-तीन फेऱ्या चालवूनच. मग एल हळूहळू आवळा-सोडा आणि आयडल सगळ्यात वर जातो ती जागा शोधा. तिथून एक अष्टमांश फेरा सोडा. आयडलच्या स्क्रूने गाडी जागेवर उभी राहील एवढा वेग ठेवा, क्लच चाकं ओढता कामा नये.

आता झटकन रेस द्या. इंजिन एक क्षण अडखळून गप्प झालं आणि मग उठलं, तर एल लीन आहे. गुरगुरत, धूर काढत उठलं, तर रिच. थ्रॉटल सोडल्यावर आयडल वरच अडकून हळूहळू खाली येत असेल तर एकतर एल लीन आहे किंवा कुठेतरी हवा आत शिरतेय. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला इन्सुलेटर ब्लॉक, त्याचे गास्केट आणि बोल्ट आधी तपासा. हवा गळत असताना सुया फिरवणं म्हणजे वेळ घालवणं.

मग एच, आणि तोही फक्त ट्रॅकवर, लोड असताना. चाकं हवेत धरून पूर्ण रेस देऊन एच लावणारे पाहिले की मला इंजिनाची काळजी वाटते. लांब सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलला टोकाशी आवाज जरा फुटल्यासारखा, बुडबुडल्यासारखा यायला हवा. तिथून एक षोडशांश फेरा आवळा, पुन्हा पट्टा मारा. आवाज जिथे जेमतेम साफ होतो तिथे थांबा. त्यापुढे आवळल्यावर गाडी अजून वेगवान वाटते आणि खरंच असते, पण सिलिंडर तापतो आणि पिस्टन चरे पडून अडकतो. एल बदलला की एच पुन्हा तपासायचा, कारण पूर्ण थ्रॉटललाही एलच्या वाटेने पेट्रोल जातच असतं.

खात्री प्लगवरून होते. पूर्ण रेसच्या पट्ट्यानंतर तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटी तपकिरी चांगला. पांढरट असेल तर लगेच एच सोडा. काळा आणि ओला असेल तर रिच. प्लग एनजीकेचा सीएमआर७एच, गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

पुण्यात किंवा बेळगावात छान ट्यून केलेली गाडी इथे आणली की तापते. का?

कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, पुणे ५६० मीटरच्या आसपास. घाट उतरून खाली आलं की हवा दाट होते आणि तेवढ्याच पेट्रोलात मिश्रण लीन होतं. आपल्याकडचा उकाडा आणि दमटपणा थोडा उलट दिशेने ओढतात, पण भरपाई पूर्ण होईलच असं नाही. पाहुण्याने ट्रॅकवर उतरण्याआधी एच एक अष्टमांश फेरा सोडून घ्यावा आणि तिथून पुन्हा ट्यून करावं. इथली गाडी घेऊन वर जाणाऱ्याला उलटं करावं लागतं.

पंपावरचं साधं पेट्रोल चालतं का? तेल किती?

चालतं, पण ते आता २० टक्के इथेनॉलचं आहे हे लक्षात ठेवा. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर मिश्रण लीन होतं. जुन्या मॅन्युअलमधले फेरे साध्या पेट्रोलसाठी लिहिलेले आहेत, त्यापेक्षा किंचित जास्त उघडावं लागतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. डायफ्राम आणि रबरी नळ्या त्याने लवकर ताठर होतात. मिश्रण एका दिवसाला पुरेल एवढंच बनवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, संध्याकाळी टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्रमाण २५:१, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली तेल. मोजायला सिरिंज किंवा औषधाचं माप घ्या.

तेलाबाबत किनारपट्टीवरच्या मंडळींना एक आग्रहाची विनंती. होडीच्या आउटबोर्ड मोटरीचं तेल सहज मिळतं म्हणून ते वापरू नका. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलंय. आपलं इंजिन हवेने थंड होतं आणि बरंच जास्त तापतं. जॅसो एफडी किंवा निदान एफसी लिहिलेलं टू-स्ट्रोक तेल घ्या.

एअर फिल्टर किती वेळा धुवायचा?

दर चालवण्यानंतर. डिचोली-सत्तरीकडची बारीक तांबडी धूळ पिठासारखी असते आणि फोमच्या कोरड्या कोपऱ्यातूनही आत जाते. आतल्या थरावर बोट फिरवा. बोट तांबडं झालं तर धूळ इंजिनात पोहोचलेली आहे.

धुतलेले, तेल लावलेले दोन-तीन फिल्टर पिशवीत तयार ठेवा आणि हीटमध्ये बदला. फिल्टरचं तेल फोममध्ये दाबून सगळीकडे सारखं मुरवायचं, जास्तीचं पिळून काढायचं. बुडाशी जिथे फिल्टर बसतो तिथे ग्रीसचा पातळ थर द्या. वरून कापडी कव्हर घाला. माझ्या मते या छंदात गोव्यात वाया गेलेली बहुतेक इंजिनं फिल्टरमुळे गेली, ट्युनिंगमुळे नव्हे.

गिअर आणि क्लच?

बाजात पिनियन (क्लचकडचा लहान गिअर) आणि स्परच्या (त्याला जोडलेल्या मोठ्या गिअरच्या) दातांची बेरीज ७४ राहते: १६/५८, १७/५७, १८/५६, १९/५५. मूळचा १७/५७. आपले ट्रॅक आखूड आणि वळणांचे, तिथे १६/५८ ला पिकअप चांगला मिळतो आणि क्लचही कमी तापतो. क्लचची स्प्रिंग ८००० आरपीएमची घेतली की गाडी जोरात सुटते, पण घसरड्या मातीवर असं सुटणंच गाडी सांभाळणं अवघड करतं. मी ६००० ला खूश आहे.

एक्स-मॅक्ससारख्या बॅटरीवरच्या ट्रकला यातलं काय लागू?

टायर, राइड हाइट, शॉक, डिफ सगळं जसंच्या तसं. इंजिनाच्या जागी तापमान बघायचं. लहान पिनियन लावा, पाच मिनिटांनी मोटर आणि ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचं) तापमान मोजा, मग वाढवायचं का ठरवा. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. आठवडाभर वापरायच्या नसतील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

किनाऱ्यावर चालवली तर?

नको. गोव्यात किनाऱ्यावर गाड्या चालवायला मनाई आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, तिथे तर विचारही करू नका. शिवाय खारी वाळू बेअरिंग खाते. सड्यावरही (कातळाच्या पठारावर) पावसाळ्यात जाऊ नका. तिथली फुलं तेवढ्याच दिवसांत उमलतात. शेत, कोमुनिदादची (गावकीची सामायिक) जागा किंवा बंद चिरेखाण, जिथे असेल तिथे आधी मालकाची किंवा पंचायतीची परवानगी घ्या. टू-स्ट्रोकचा आवाज वाड्यात लांबवर जातो, दुपारची झोप आणि देवळातला कार्यक्रम सांभाळून वेळ ठरवा.

फेल-सेफ लावलाय, मग किल स्विच कशाला?

ट्रान्समीटरचा सिग्नल तुटला की फेल-सेफ गाडीला आधी ठरवलेल्या स्थितीत आणतो, पण त्याला रिसीव्हर जिवंत लागतो. रिसीव्हरची बॅटरीच गेली किंवा वायर निघाली तर सर्व्हो (थ्रॉटल-ब्रेक हलवणारी छोटी मोटर) जिथे आहे तिथेच थांबतो, थ्रॉटल उघडा असेल तर उघडाच. दहा ते अठरा किलोचं धूड असं सुटलं तर माणसाचा पाय मोडू शकतो. म्हणून तीन गोष्टी हव्यात: थ्रॉटल बंद करणारी परतीची स्प्रिंग, फेल-सेफ ब्रेकवर लावलेला, आणि रिसीव्हरची वीज गेली तरी इग्निशन तोडणारा स्वतंत्र किल स्विच. चाकं उचलून धरा, ट्रान्समीटर बंद करा, काय होतं बघा. मग रिसीव्हरचा स्विच बंद करून पुन्हा बघा. हे दर शर्यतीच्या सकाळी. मुलांना दोरीच्या मागे ठेवा, आणि मार्शल गाडी उचलायला आत गेला असेल तर त्याच्याकडे पाठ करून कोणी चालवू नये.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवायची?

जूनच्या आधी टाकी रिकामी, कार्बोरेटर कोरडा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल घाला, स्टार्टरची दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा, प्लग परत लावा. टायरमधल्या फोममध्ये पाणी राहिलं असेल तर रिंग उघडून वाळवा. गाडी स्टँडवर ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर भार राहत नाही. रिसीव्हरची बॅटरी काढून वेगळी ठेवा. चवथीनंतर उन्हं पडली की नवीन डायफ्राम किट टाका, पेट्रोलच्या नळ्या बदला, आणि सुया सव्वा-दीड फेऱ्यांवर आणून पहिल्यापासून ट्यून करा. मेमधलं सेटिंग ऑक्टोबरच्या हवेत चालेल असं धरू नका.